पाण्याकाठची सावली : पनवेल परिसरातील झाडे, मांडव आणि पोहण्याचे तलाव

पनवेलचा इतिहास बहुधा बंदर, घाटरस्ता आणि बाजारपेठ या तीन अंगांनी लिहिला जातो, आणि ते स्वाभाविकच आहे. कारण मुंबईहून पडावाने खाडीमार्गे येणारा प्रवासी येथे उतरून बोरघाटाकडे निघत असे, १८३० मध्ये तो घाट गाडीरस्त्याने खुला झाल्यावर या वाहतुकीला वेग आला, आणि १८५२ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली. परंतु या गावाला आणखी एक अंग आहे, ते साठवलेल्या पाण्याचे. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे अशा तळ्यांभोवती जुने पनवेल वाढले, घरोघरच्या परसात विहिरी होत्या, आणि गेल्या तीन-चार दशकांत तालुक्याच्या डोंगरपायथ्याच्या गावांत फार्महाउसांच्या आवारात पोहण्याचे तलाव बांधले गेले. या सर्व पाण्यांच्या काठी माणसाला बसता यावे म्हणून सावली कशी केली गेली, याचा मागोवा घेतला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते : या भागात सावली ही एकदा बांधून मोकळे होण्याची वस्तू कधीच नव्हती, ती दरवर्षी करण्याचे आणि दरवर्षी उतरवण्याचे काम होते. आधुनिक तलावमालकांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ हे काम विसरण्यात आहे.

याचे कारण आकाशात शोधावे लागते. पनवेल सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस, सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. जुलैतला दिवस ढगांत जातो, पण मेमधला दिवस नेमका सुट्टीच्या आणि पोहण्याच्या हंगामात येतो, आणि त्या दिवसांत भिंत, कुंपण किंवा उंच खांब यांचा दुपारी काहीच उपयोग नसतो. उपयोग असतो तो फक्त डोक्यावरील आच्छादनाचा. मात्र चार वाजल्यानंतर हिशेब उलटतो. सूर्य पश्चिमेकडे, किंचित उत्तरेला कलून खाली येतो, आणि डोक्यावरचे छत आपली सावली बसणाऱ्यावर न टाकता पूर्वेकडे लांब टाकते. सूर्य ४५ अंशांवर असताना १० फूट उंचीच्या छताची सावली १० फूट पलीकडे सरकते, हे साधे भूमितीचे गणित आहे. म्हणजे या अक्षांशावर दुपारसाठी छत आणि संध्याकाळसाठी पश्चिमेचा आडोसा अशा दोन सावल्या लागतात. त्यातच जूनपासून चार महिन्यांत रायगड जिल्ह्यात सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेव्हा सावलीची गरज संपते आणि छताला वाऱ्यापावसाशी झुंज द्यावी लागते.

पाणी आणि सावली यांची सांगड घालण्याचा विचार भारतीय ग्रंथपरंपरेत जुना आहे. सहाव्या शतकातील ज्योतिषी वराहमिहिर याने ‘बृहत्संहिते’त भूगर्भातील पाणी शोधण्याच्या विद्येवर ‘दकार्गल’ नावाचे एक प्रकरण आणि झाडांच्या लागवडीवर व रोगोपचारांवर ‘वृक्षायुर्वेद’ नावाचे दुसरे प्रकरण लिहिले. ज्या जलाशयांच्या काठी सावली नाही ते मनाला रमवीत नाहीत, म्हणून काठावर बागा कराव्यात, अशा आशयाच्या विधानाने वृक्षायुर्वेदाची सुरुवात होते. आणि दकार्गलात तळ्याच्या काठी लावण्याच्या झाडांची यादीच येते, तीत अर्जुन, वड, आंबा, कदंब, जांभूळ, ताड, अशोक, मोह, बकुळ अशी नावे आहेत. तळे पूर्व-पश्चिम लांब असावे, दक्षिणोत्तर नसावे, कारण वाऱ्याने उठणाऱ्या लाटा दक्षिणोत्तर तळ्याचा काठ फोडतात, असेही तो सांगतो. या यादीकडे केवळ सौंदर्यदृष्टीने पाहणे अपुरे ठरेल. मातीच्या बांधाला मुळांची घट्ट वीण हवी असते आणि त्याच झाडाची सावली पाण्यावर पडली की बाष्पीभवनही कमी होते, असा दुहेरी हिशेब तीत आहे.

पनवेलच्या तळ्यांनाही हाच हिशेब लागू पडतो. वड आणि पिंपळ यांची मुळे दगडी चिऱ्यांत शिरून बांधकाम फोडतात, हे गवंड्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून जुन्या तळ्यांची रचना पाहिली तर मोठे झाड बांधाच्या मातीत किंवा घाटापासून अंतर राखून, भोवती पार बांधून ठेवलेले दिसते. पार म्हणजे झाडाच्या बुंध्याभोवती दगडमातीने बांधलेला, बसण्याजोगा ओटा. पाराने तीन कामे साधत : मुळांना माती मिळे, माणसांना बैठक मिळे आणि झाडाला देवत्व मिळाल्यामुळे त्याच्यावर कुऱ्हाड पडत नसे. वडाळे तळ्याच्या काठी बल्लाळेश्वराचे देऊळ आहे, आणि देऊळ, पार व पाणी हे त्रिकूट कोकणातील कोणत्याही गावाला परके नाही. झाडाची पाने पाण्यात पडत, तीही कोणाला खुपत नसत, कारण तळ्याचे पाणी जिवंत होते. पाने कुजत, मासे आणि किडे त्यांवर जगत, आणि उरलेला गाळ उन्हाळ्यात तळे आटले की काढून शेतात टाकला जाई. सावलीचा कचरा आणि शेताचे खत यांत भेद नव्हता.

विहिरीची गोष्ट निराळी. खोल विहीर ही स्वतःच स्वतःची सावली असते, कारण अरुंद तोंडातून ऊन तळापर्यंत दुपारच्या थोड्या वेळापुरतेच पोहोचते. म्हणूनच कमरेला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका बांधून पोहायला शिकलेल्या महाराष्ट्रातील पिढ्यांना ऐन वैशाखात टळटळीत दुपारी पोहता आले. या नैसर्गिक सोयीचे सर्वांत देखणे रूप सातारा जिल्ह्यातील लिंब गावी आहे. तेथील बारा मोटांची विहीर १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी आमराईला पाणी देण्यासाठी बांधली, असे तेथील शिलालेखावरून समजते. सुमारे ११० फूट खोलीच्या या अष्टकोनी विहिरीच्या मानेवर, पाण्याच्या वर, दगडी दालन बांधलेले आहे. म्हणजे मोटेने पाणी उपसणाऱ्या शेतीच्या विहिरीतच बैठकीचा गारवा साधला आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पाणचक्कीत याच्या उलट युक्ती आहे : तेथे हौद वर आणि दालन त्याच्या खाली आहे, त्यामुळे डोक्यावरचे पाणीच छताचे काम करते. दोन्ही वास्तू राजाश्रयाच्या आहेत आणि सामान्य कुटुंबाला त्या परवडण्याजोग्या नव्हत्या. सामान्य माणसाचे उत्तर मांडव हेच होते.

मांडव म्हणजे खांबांवर आडव्या काठ्या टाकून वर पाला, झाप किंवा गवत पसरलेले सपाट, चारी बाजूंनी मोकळे आच्छादन. लग्नाचा मांडव सर्वांना माहीत असतो. पण कोकणातील घरापुढच्या अंगणातला आणि परसातला मांडव हे त्याचे रोजचे, बिनगाजावाजाचे भावंड आहे, आणि इतिहासाच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे आहे. पाऊस सरला, भातकापणी आटोपत आली की चिखलाचे अंगण खणून, पाणी शिंपून, चोपण्याने ठोकून सपाट करीत आणि शेणाने सारवीत; त्यानंतर मेढी उभ्या राहत. मेढ म्हणजे वरच्या टोकाला दुबेळके असलेला लाकडी खांब; त्या दुबेळक्यात आडवे लाकूड बसते, म्हणून खिळ्याची गरज पडत नाही. आडव्या लाकडांवर कळकाच्या, म्हणजे जाड बांबूच्या, काठ्या हात-दीड हाताच्या अंतराने टाकून त्या काथ्याच्या सुंभाने बांधीत. वर काय घालायचे हे गावाच्या ठिकाणावर अवलंबून असे. उरण-अलिबागकडच्या नारळाच्या वाड्यांत झाप मिळत. नारळाची झावळी मधल्या दांड्यावर उभी चिरून, तिची पाती एकाआड एक विणून झाप तयार होतो, आणि ओल्या झावळीची पाती लवचिक असतात म्हणून हे काम ताज्या झावळीवर किंवा भिजवलेल्या झावळीवरच करावे लागते. पनवेलच्या पूर्वेस माथेरान आणि प्रबळगडाच्या पायथ्याला नारळ कमी आणि भात व रान अधिक, म्हणून तेथे पेंढा, गवत आणि पाल्याचे टाळे चालत. पश्चिमेच्या बाजूला आडोसा हवा असेल तर कारवीच्या काठ्यांचा कूड किंवा बुरुडाने विणलेला बांबूचा तट्ट्या लावीत.

या बांधणीतील कौशल्य साहित्याच्या निवडीत होते. कोवळा बांबू गोड असतो, म्हणजे त्यात पिष्टाचे प्रमाण अधिक असते, आणि त्याला भुंगा लागून आतून पीठ गळू लागते. म्हणून पक्व बांबू तोडून तो काही आठवडे वाहत्या किंवा साचलेल्या पाण्यात बुडवून ठेवीत, त्याने पिष्ट विरघळून जाई आणि काठी टिके. अवसेला बांबू तोडावा हा संकेतही याच चिंतेतून आला असावा. डोंगरातून कळक आणि कारवी खाली आणणाऱ्यांत ठाकूर आणि कातकरी समाजांचे श्रम होते, विणकाम बुरुडाचे होते, आणि बांधणी घरच्या माणसांची होती. सावलीचा हा सगळा व्यवहार पाच-सात कोसांच्या आत पुरा होत असे.

मांडवाखाली सुपारी आणि धान्य निवडले जाई, पापड-कुरडया वर वाळत, पाहुणा खाली झोपे. परसातला मांडव मात्र विहिरीला चिकटून असे, कारण न्हाणीचे सांडपाणी तेथे जिरे. पावसाळ्याच्या तोंडी त्याच्या मेढींजवळ पडवळ, दोडका, काकडी यांच्या बिया लावल्या की वरचे वाळलेले आच्छादन निघून जाई आणि त्याची जागा वेल घेत. एकाच सांगाड्यावर उन्हाळ्यात पेंढ्याची आणि पावसाळ्यात वेलीची सावली येई, हे अत्यंत काटकसरी तंत्र होय. अंगणातला मांडव मृग नक्षत्राच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी, उतरवीत. मेढी आणि चांगले कळक पडवीत आढ्याला टांगून ठेवीत, आणि जुने झाप न्हाणीच्या चुलीत जळण म्हणून जात. जी वस्तू पावसाला तोंड देऊ शकत नाही ती पावसात उभीच ठेवायची नाही, इतका सरळ हा विचार होता.

या संदर्भात पनवेलच्या बेने इस्राएल समाजाचा उल्लेख आवश्यक आहे. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्याच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहून मराठी ही मातृभाषा झालेल्या या ज्यू समाजाचे बेथ एल नावाचे सिनेगॉग पनवेलमध्ये १८४९ मध्ये स्थापन झाले. ज्यू धर्मात सुक्कोथ हा मांडवांचा सण आहे. पूर्वजांच्या वाळवंटातील प्रवासाची आठवण म्हणून त्या दिवसांत उघड्यावर तात्पुरता मांडव घालतात, आणि त्याचे नियम पाहिले तर कोकणात मांडव घालणाऱ्यालाही ते ओळखीचे वाटावेत. छत तोडलेल्या वनस्पतीचेच हवे, त्याखाली उन्हापेक्षा सावली अधिक पडली पाहिजे, तरीही फटींतून आकाश दिसले पाहिजे आणि सण संपला की ते उतरवतात. हा सण अश्विनाच्या सुमारास, म्हणजे पाऊस ओसरून अंगणे धरण्याच्या वेळी येतो. दोन भिन्न परंपरांनी तात्पुरत्या सावलीचा एकच नमुना मान्य करावा, हा योगायोग असला तरी बोलका आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले. १७ मार्च १९७० रोजी सिडको हे नगरविकासाचे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि नव्या मुंबईसाठी ठाणे व त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांतील गावांची जमीन संपादित होऊ लागली. पनवेलच्या आसपास शेतीच्या जागी वसाहती आल्या. पुढे मुंबईतील सधन कुटुंबांनी नेरे, वाजे, मालडुंगे या बाजूच्या डोंगरपायथ्याला शेतजमिनी घेऊन तेथे शनिवार-रविवारची घरे बांधली. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्ण झाल्यावर हे अंतर आणखी आटले. या घरांबरोबर पोहण्याचा तलाव आला, आणि तो जुन्या कोणत्याही पाण्यासारखा नव्हता. तो विहिरीसारखा खोल नसल्यामुळे त्याला स्वतःची सावली नाही, तळ्यासारखा मातीच्या काठाचा नसल्यामुळे त्याला झाडाची मुळे चालत नाहीत, आणि चार-पाच फूट पाण्याखाली फिकट निळ्या फरशा असल्यामुळे ऊन परतून डोळ्यांवर येते. काठावरची दगडी फरशी दुपारी अनवाणी पायांना सोसवत नाही. शिवाय पाणी निर्जंतुक ठेवण्यासाठी घातलेले क्लोरीन थेट उन्हात काही तासांतच मोठ्या प्रमाणात नष्ट होते. ते टिकावे म्हणून सायन्युरिक आम्ल घालण्याची पद्धत आहे, पण ते जास्त झाले की क्लोरीनची जंतुनाशक शक्तीच मंदावते. तेव्हा तलावाला सावली ही चैन नसून पाण्याच्या निगेचा भाग आहे.

सावलीचे उपाय मात्र या घरांत बाहेरच्या हवामानांतून आले. मोठी छत्री खुर्चीशेजारी रोवणे हा पहिला उपाय. तिची सावली दर तासाला सरकते आणि खाडीवरून येणाऱ्या दुपारच्या वाऱ्यात ती उलटते. पर्गोला, म्हणजे वर अंतराअंतराने पट्ट्या असलेला उघडा सांगाडा, भूमध्य समुद्राकाठच्या देशांतून आला. तेथे उन्हाळ्याच्या ऐन दुपारीही सूर्य काहीसा कलता असतो, त्यामुळे उभ्या धरलेल्या पट्ट्याही सावली देतात. पनवेलमध्ये मेच्या दुपारी त्याच पट्ट्यांमधून ऊन सरळ खाली येते, आणि वर वेल चढवली नसेल तर पर्गोला केवळ शोभेचा उरतो. ताणलेल्या कापडाचे तंबूवजा छत दिसायला सुरेख आणि सावलीलाही चांगले असते, परंतु त्याचे आयुष्य ताणाच्या दोऱ्यांवर आणि खांबांच्या पायांवर अवलंबून असते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा जिल्ह्यात घरांचे पत्रे उडाले आणि नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या. अशा वाऱ्यापुढे शिडासारखे ताणलेले कापड उभे ठेवणे म्हणजे वाऱ्याला आमंत्रणच होय. तारखेचा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे : जुन्या पद्धतीप्रमाणे मांडव त्या दिवसापर्यंत उतरलेला असता.

रोपवाटिकांतून आलेले शेडनेट, म्हणजे प्लास्टिकच्या धाग्यांची ऊन गाळणारी जाळी, हा या सर्वांतील सर्वांत कमी मानमरातबाचा आणि सर्वांत उपयुक्त प्रकार आहे. ५० किंवा ७५ टक्के ऊन अडवणाऱ्या जाळ्या सहज मिळतात, वारा त्यांतून आरपार जातो, आणि जूनच्या आधी गुंडाळून ठेवता येतात. जाळी हा खरे तर झापाचाच वारस आहे. पण हिरवी जाळी दिखाऊ वाटत नाही म्हणून तलावमालक ती मागच्या रोपांवर घालतात आणि पाहुण्यांसाठी छत्र्या मांडतात.

झाडांच्या बाबतीतही निवड अनेकदा चुकते. एकोणिसाव्या शतकात भारतात रुळलेला मादागास्करचा गुलमोहर आणि अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील पर्जन्यवृक्ष ही दोन्ही झाडे झपाट्याने वाढतात आणि विस्तीर्ण सावली देतात, म्हणून ती आवारात लावली जातात. परंतु दोन्हींची बारीक पर्णिका पाण्यावर पसरून गाळणयंत्रात अडकते, गुलमोहराच्या पाकळ्या ऐन मेमध्ये तलावभर होतात आणि त्याच्या ठिसूळ फांद्या वादळात मोडतात. त्यामानाने करंज, बकुळ आणि किनाऱ्यावरची उंडी ही देशी झाडे दाट छायेची, कणखर आणि या मातीत रुळलेली आहेत. करंजाची पानगळ उन्हाळ्याच्या तोंडी होऊन नवी पालवी लगेच फुटते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये तो हिरवागार असतो. बकुळ सावकाश वाढतो, हाच त्याचा दोष. आणि आठवडाअखेरच्या घरांना धीर नसतो.

सावलीचा हा इतिहास खासगी आवाराच्या भिंतींपाशी थांबवणे योग्य नाही. पळस्पे फाट्यापासून निघणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून सुरू झाले आणि त्यासाठी रस्त्याकडेची जुनी झाडे तोडली गेली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली, आणि शहरातील तळ्यांच्या काठांना बांधीव पदपथ मिळाले. बांधीव काठ स्वच्छ दिसतो, पण मातीचा बांध गेला की नव्या वडाला रुजायला जागा उरत नाही. दुसरीकडे, गाढी नदीवरचे देहरंग धरण उन्हाळ्यात तळ गाठते आणि शहरात पाण्याची टंचाई होते, त्याच महिन्यांत तालुक्यातील खासगी तलाव उघड्या उन्हात वाफ होत असतात. पूर्वी सावली सार्वजनिक पाण्याकाठी होती आणि खासगी परसात तिची काटकसरी आवृत्ती होती. आता पाणी खासगी झाले आणि सावली दोन्हीकडे उणावली.

उपाय महागडा नाही. तलावाच्या पश्चिमेला, काठापासून १५ ते २० फूट अंतर राखून, करंज आणि बकुळ यांची ओळ पहिल्या पावसातच लावावी, म्हणजे संध्याकाळचे ऊन अडेल आणि पाने व मुळे पाण्यापासून लांब राहतील; ती झाडे वाढेपर्यंत कारवीचा कूड किंवा बांबूचा तट्ट्या पुरेसा आहे. दुपारसाठी पाण्याच्या उथळ टोकावर आणि बसण्याच्या जागेवर कळकाचा सपाट मांडव घालून वर झाप किंवा जाळी पसरावी. बांबू मिळणेही आता सोपे झाले आहे. २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे खासगी जमिनीत तो लावून तोडता येतो. आणि मांडव दिवाळीनंतर घालून मेच्या अखेरीस न चुकता उतरवावा. ज्या घरात हे वार्षिक काम करायला कोणी नसेल, त्यांनी छतावर पैसे घालण्यापेक्षा सकाळी नऊच्या आत पोहून घेणे बरे.